यादीतलं सातवं कारण

ती मला सॉरी म्हणाली आणि माझं डोकं फिरलं.

तसं बघायला गेलं तर आमच्या या शहरात सॉरीला काही किंमत नाही. बसमध्ये तुम्ही एखाद्याच्या पायावर पाय द्या, तोच तुम्हाला सॉरी म्हणेल. दुकानाच्या दारात दोघं समोरासमोर आले की दोघंही सॉरी म्हणतात आणि दोघंही अडून राहतात. मीसुद्धा दिवसाला वीस-पंचवीस वाटतेच. पण जोसेट जे म्हणाली ते तसलं नव्हतं. तिच्या नवव्या स्फटिकाचं चित्र पडद्यावर आलं होतं आणि ते आधीच्या आठांसारखंच होतं. ठिपके हवेत तिथे ठिपके नाहीत, नुसती एकात एक फिकट वर्तुळं. बर्फाची वर्तुळं. मी खुर्ची मागे ढकलली आणि गेली एकोणीस वर्षं ज्या आवाजात म्हणत आलेय त्याच आवाजात म्हणाले, "अगं, स्फटिकच धड नाहीत तुझे. गोठवतानाच बर्फ धरलाय." तिने मान हलवली. सव्वीस-सत्तावीसची असेल, स्वेटरच्या बाह्या ओढून बोटांपर्यंत आणलेल्या. खाली बघत म्हणाली, "सॉरी, रोंडा. सकाळपासून तुमचा वेळ फुकट घालवला मी." माझा वेळ. तिचे चौदा महिने गेले होते आणि ती माझ्या सकाळीबद्दल सॉरी म्हणत होती.

जोसेट ब्युलियू. न्यू ब्रन्सविकची, बटाट्याच्या मुलखातली. बटाट्याच्या सालीवर खवले धरतात तो रोग ज्या जंतूमुळे होतो, त्या जंतूतलं एक प्रथिन तिने खपून खपून शुद्ध केलं, त्याचे स्फटिक वाढवायला शेकडो थेंब लावले आणि हाताशी आले ते फक्त अकरा. मिठाच्या कणाहून बारीक. असा एकेक स्फटिक सुईच्या टोकावरच्या दोऱ्याच्या फासात पकडायचा, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून गोठवायचा आणि आमच्यासारख्यांच्या दारात आणायचा. आमच्याकडे सिंक्रोट्रॉन आहे. त्या भल्यामोठ्या कड्यातून निघालेले क्ष-किरण आमच्या शिशाच्या भिंतींच्या खोलीत येतात, रोबो स्फटिक उचलून त्यांच्या वाटेत धरतो, एका नळीतून थंड वायूचा झोत सतत स्फटिकावर पडत राहतो, आणि सगळं जमलं तर पडद्यावर ठिपके उमटतात. ठिपक्यांवरून प्रथिनाचा आकार काढता येतो. आकार मिळाला तर जोसेटची पीएचडी, नाही मिळाला तर नाही. तिचे प्राध्यापक जूनमध्ये निवृत्त होणार, प्रयोगशाळेला कुलूप लागणार, आणि आमचं यंत्र आज दुपारी चारला सात आठवड्यांच्या दुरुस्तीसाठी बंद होणार. पुन्हा सुरू होईल तेव्हा तिला परत यायला ना प्रयोगशाळा असेल ना पैसा. हे सगळं तिने मला सकाळी आठला, हातमोजे चढवता चढवता, हसत हसत सांगितलं होतं. मी "हो का" म्हटलं होतं. सगळेच काही ना काही सांगतात, कुणाकुणाचं ऐकायचं.

आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही पाहुणे म्हणतो. तोंडावर. पाठ फिरली की आमची एकच म्हण, नाचता येईना अंगण वाकडं. बर्फ आला? पाहुण्याने नीट गोठवलं नसेल. ठिपके फाटले? पाहुण्याचा स्फटिक तडकलेला असेल. सुंदर, लख्ख ठिपके आले? मग पाहुण्याने हमखास मिठाचा स्फटिक उचलून आणला असेल, हसा. दहातल्या आठ वेळा ते खरंही निघतं, आणि सगळा घोळ तिथेच आहे. आठ वेळा खरं निघालं की उरलेल्या दोन वेळा कोण वाकून बघतं? वर आमची संगणकावरची नोंदवही. वाया गेलेल्या प्रत्येक तासापुढे कारणाचा आकडा टाकावा लागतो. एक म्हणजे मोठं यंत्र बंद. दोन म्हणजे आमची उपकरणं बिघडली. तीन म्हणजे पाहुण्याचा नमुना खराब. दोनच्या तासांची महिन्याला बेरीज होते, तिचा तक्ता आमच्या प्रमुखाच्या, ग्रँटच्या, दारावर लागतो, वरच्या समितीपुढे जातो. तीनची बेरीज कुणीच करत नाही. तीन म्हणजे मोरी आहे, काय हवं ते ओता. त्या सकाळी माझं आठ वेळा तीन टाकून झालं होतं आणि नवव्यांदा टाकायला बोट उचललं होतं. ते बोट तसंच राहिलं. राग आला म्हणून राहिलं. आधी राग तिचाच आला, हे खोटं कशाला बोलू. इतकी कसली गरीब गाय, भांड की जरा, असं वाटलं. मग कळलं की हा राग ओळखीचा आहे आणि तो जोसेटवरचा नाही.

एकवीस वर्षांपूर्वी मी अशीच उभी होते. सीमेपलीकडे, अशाच एका कड्यापाशी, अशाच एका चाकांच्या खुर्चीमागे. पंप घरघरत होते आणि गारठलेल्या बोटांना काही समजत नव्हतं. माझं प्रथिन गव्हावरच्या तांबेऱ्यातलं. स्फटिक सहा. खुर्चीत बसलेला माणूस सभ्य होता, जाड भिंगांचा चष्मा, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि दुपारी त्याने मला न मागता कॉफी आणून दिली होती. सहावं चित्र आल्यावर तो म्हणाला, "स्फटिकच धड नाहीत तुझे." त्याच्या आवाजात कीव होती. मी सॉरी म्हणाले. बाहेर वाहनतळावर उन्हाने डांबर मऊ झालं होतं, तिथल्या सार्वजनिक फोनवरून आईला फोन लावला आणि रडले. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू त्या लोकांना फार त्रास तर नाही ना दिलास?" ती तशीच होती, दाताच्या डॉक्टरलाही दात दुखतो म्हणून सॉरी म्हणायची. मी पीएचडी सोडली, जी काय छोटी पदवी मिळत होती ती पदरात पाडून घेतली आणि दोन वर्षांनी इथे तंत्रज्ञ म्हणून लागले. माझे सहा स्फटिक वाईट होते का? असतीलही. मला ते कधीच कळलं नाही, कारण त्या माणसाने खुर्चीतून उठून आत जाऊन काही पाहिलं नाही आणि मीही म्हटलं नाही की बाबा, एकदा बघ. एकवीस वर्षं ते घशात आहे, गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही. आणि एवढ्यातून मी शिकले काय? त्याचं वाक्य. अक्षर न् अक्षर, त्याच कीव आलेल्या आवाजात. पाहुण्यांना कॉफीसुद्धा मी आणून देते.

"दहावा बसवू नकोस," मी जोसेटला म्हणाले. "खाली जाऊन काहीतरी खाऊन ये. गुरुवार आहे, कॅन्टीनमध्ये पेरोगी असतात."

"पण चारला बंद होणार ना? साडेबारा वाजून गेले."

"मला घड्याळ कळतं. जा म्हटलं ना."

"सॉरी," ती म्हणाली आणि गेली. दातओठ खाऊन मी तिच्या पाठीकडे बघत राहिले.

भिंतीवर यादी आहे. 'नेहमीच्या अडचणी आणि उपाय', प्लॅस्टिकमध्ये मढवलेली, खाली आमच्या संस्थेचं चिन्ह. ती मी लिहिलीय, नाव नाही तिच्यावर, पण मी लिहिलीय. अकरा वर्षांपूर्वी हाताने लिहिली तेव्हा 'बर्फाची वर्तुळं दिसल्यास' याच्याखाली पहिली ओळ होती, 'आत जा आणि झोताची नळी स्फटिकापासून किती लांब आहे ते डोळ्यांनी बघा.' ओरेस्टनी शिकवलेली ओळ. ओरेस्ट बिलिक आमचे जुने तंत्रज्ञ, आता तळ्याकाठी मासे धरत बसतात. ते म्हणायचे, "पोरी, पडद्यावरचा आकडा नळीच्या आतला असतो. स्फटिक बाहेर आहे. आकड्याला थंडी वाजत नाही." त्यांनी आइस्क्रीमची काडी बरोब्बर सहा मिलिमीटरवर खाच पाडून दोऱ्याने खोलीच्या दाराशी खिळ्याला टांगली होती. आत जायचं तर ती काडी खांद्याला लागायचीच. लागली की हातात घ्यायची, नळीच्या तोंडाशी धरायची, सहा आहे ना बघायचं, पुन्हा टांगायची. अंतर वाढलं की बाहेरची दमट हवा झोतात शिरते आणि स्फटिकावर हिव धरतं, मग आकडा काहीही म्हणो. ग्रँट लेव्हर्टन प्रमुख झाला तेव्हा त्याने यादी छापून घ्यायचं ठरवलं आणि माझ्याशेजारी बसून ओळी वरखाली केल्या. "पहिल्याच ओळीत आपलीच नळी? पाहुणे म्हणतील यांचंच सामान मोडकं." पहिली झाली 'पाहुण्याचं गोठवण्याचं द्रावण तपासा'. दुसरी, 'पाहुण्याच्या नायट्रोजनमध्ये बर्फाचे कण आहेत का'. अशा सहा, सगळ्या पाहुण्याच्या. नळी गेली सातव्या क्रमांकावर. मी काय म्हणाले तेव्हा? काही नाही म्हणाले. छपाई छान झालीय असं म्हणाले. आणि दोन वर्षांपूर्वी सुरक्षा तपासणीच्या आदल्या दिवशी ग्रँटने खोलीची साफसफाई काढली, चिकटपट्ट्या, दोऱ्या, जुनी पेनं, सगळं काळ्या पिशवीत गेलं, त्यात ती काडीही गेली. तेव्हाही मी काही बोलले नाही. स्टीलची पट्टी माझ्या खणात होतीच की. पण पट्टी आठवणीने काढावी लागते. काडी आपणहून खांद्याला लागायची.

सातवी ओळ. सकाळपासून नऊ स्फटिक, आणि मी सातव्या ओळीपर्यंत पोचले नव्हते. खण उघडला, पट्टी घेतली, शिशाचं दार सरकवलं. आत पंपांची घरघर मोठी होते आणि जिभेवर उगाच धातूची चव येते, अजूनही. दारापाशी खिळा होता, नुसता. नळीपाशी गेले आणि पट्टी धरायच्या आधीच मला कळलं, कारण एकोणीस वर्षं झाली की डोळ्यांना कळतं, फक्त ते डोळे घेऊन आत यावं लागतं. तरी पट्टी धरली. चौदा मिलिमीटर. पडद्यावर तापमानाचा आकडा उणे एकशे त्र्याहत्तर, मजेत. आणि नळीला धरून ठेवणाऱ्या स्क्रूवर निळ्या शाईची ताजी खूण. ती खूण मी करते. दुसरं कुणी करत नाही. सोमवारी नळी सफाईला काढली होती, मीच काढली, मीच परत बसवली. बसवत असताना ग्रँट दारात उभा राहून समितीच्या अहवालाचं काहीतरी विचारत होता, मी एका कानाने त्याचं ऐकत, दुसऱ्या हाताने नळी ढकलत, आकडा उतरायची वाट बघत होते. आकडा उतरला. "झालं?" ग्रँट म्हणाला. "झालं," मी म्हणाले आणि स्क्रू आवळला. इतकं साधं. मला वाटलं होतं की आत कुणीतरी सापडेल, ज्याच्या अंगावर हा एवढा राग फेकता येईल. आत मीच सापडले.

तिथे, त्या घरघरीत, मी किती वेळ उभी होते कोण जाणे. सोमवारपासूनचे पाहुणे मोजले. सोमवारी दुपारी ओंटॅरिओचे दोघं, त्यांचे स्फटिक दणकट होते, त्यांचं निभावलं. मंगळवारी वैद्यकीय विभागाची एक बाई, तिच्या सातातले पाच बर्फाने गेले. बुधवारी सीमेपलीकडचे तिघं, सगळं गेलं. त्यांना मी काय सांगितलं? तेच सांगितलं. त्या तिघांनी जाताना माझ्या हातात चॉकलेटचा डबा ठेवला, "तुम्ही खूप मदत केलीत," आणि तो डबा मी टीव्हीसमोर बसून निम्मा संपवला. आता तोंडात ते चॉकलेट आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे संन्यासी फासावर जाता जाता चोराला चॉकलेट देऊन गेला होता. एकदा हिव धरून वितळलेला स्फटिक आतून तडकतो, पुन्हा गोठवून काही होत नाही. ते गेले ते गेले. मी स्क्रू सैल केला, नळी पुढे आणली, पट्टीने मोजलं. सहा. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं.

बाहेर आले तर ग्रँट माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा होता. तो वाईट माणूस नाही, असता तर सोयीचं झालं असतं. डिसेंबरात बर्फात माझी गाडी रुतली तेव्हा खोरं घेऊन तोच आला होता. मी त्याला सांगितलं. चौदा, सहा, सोमवार, माझा हात, सगळं. त्याने डोळे मिटले आणि उघडले.

"बसवलीस ना नीट आता?"

"बसवली."

"मग झालं तर. त्या पोरीचे दोन उरलेत ना? घे त्यांचं चित्र. मिळालं तर ती खूश होऊन घरी जाईल."

"आणि नऊ गेले ते?"

"ते चांगलेच होते कशावरून, रोंडा?"

हाच प्रश्न मी एकवीस वर्षं उशाशी घेऊन झोपले होते, आणि हा माणूस तो असा सहज विचारत होता, जसं काही खुर्चीत बसलेल्यांना हे आडनावासारखं जन्मानेच मिळतं.

"कशावरून नाही," मी म्हणाले. "तेच तर. आता कळायची सोय उरली नाही. मीच उरू दिली नाही."

"हे बघ, नोंदवहीत तीन पडलेत ते तसेच राहू देत. उद्या अहवाल जायचाय. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस? दोनचे तास वाढले की समिती पहिला प्रश्न काय विचारते ते तुला माहीत आहे. तंत्रज्ञ दोन कशाला हवेत, असं विचारते."

"म्हणजे मी कशाला हवी."

"मी तसं म्हटलं नाही."

"तू काडी फेकलीस, ग्रँट."

"कसली काडी?" त्याला खरंच आठवत नव्हतं. मला हसायला आलं, वाईट हसू. त्याने काडी फेकली होती, ओळ खाली नेली होती, सोमवारी दारात उभा राहून बडबडलाही होता, आणि यातलं काहीही त्याने मुद्दाम केलं नव्हतं. मीही मुद्दाम केलं नव्हतं. जाड चष्म्याच्या माणसानेही नसेलच केलं. सगळे भले. सगळ्यांनी कॉफी आणून दिलेली. असल्या भल्या माणसांचा गळा दाबावा असं मला वाटलं, सुरुवात कुणापासून करायची तेवढंच ठरत नव्हतं. ग्रँट थोडा वेळ घुटमळला, "विचार कर," म्हणाला आणि वर गेला.

जोसेट परत आली तेव्हा पावणेदोन झाले होते. माझ्यासाठी कागदी ताटलीत चार पेरोगी, त्या बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, घेऊन आली होती, वर कांदा घातलेला. "तुम्ही काही खाल्लं नसेल म्हणून," म्हणाली. मी ताटली टेबलावर ठेवली. सांगायचं ते जिभेवर होतं. नळी लांब होती, माझी चूक, तुझे नऊ मी मारले. तीन छोट्या वाक्यांचं काम. मी म्हणाले, "दहावा बसव." ती म्हणाली, "काही बदललंत का?" मी म्हणाले, "झोत जरा नीट केलाय." जरा. दार बंद करायच्या आधी आतल्या कोपऱ्यापर्यंत जाऊन, आत कुणी राहिलं नाही ना हे बघून, तिथलं बटण दाबून यावं लागतं, भोंगा वाजतो. ते मी केलं. भोंगा वाजत असताना मला बरं वाटलं, कारण भोंग्यात बोलता येत नाही.

रोबोने दहावा उचलला. कॅमेऱ्यात फास दिसला, स्वच्छ, कडेला हिवाचा मागमूस नाही. जोसेटने बटण दाबलं. चित्र यायला दोन सेकंद लागतात. आणि आता जे सांगते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या दोन सेकंदांत मला वर्तुळं हवी होती. दहाव्यावरही बर्फ यावा, तिचं गोठवणंच चुकलेलं असावं, म्हणजे नऊही मुळातच गेलेले, म्हणजे चौदा काय आणि सहा काय, म्हणजे तीन हेच खरं आणि मी सुटले. एका मुलीचे चौदा महिने मी मनातल्या मनात पुन्हा एकदा मोरीत ओतले आणि वर पाणी सोडलं. मग चित्र आलं. ठिपके. काळे, बारीक, रांगेने, पडद्याच्या पार कडेपर्यंत. एवढे चांगले ठिपके मी त्या वर्षात पाहिले नव्हते.

जोसेटने दोन्ही बाह्या तोंडावर दाबल्या, आणि मग माझ्या गळ्यात पडली. तिच्या केसांना कांद्याचा वास येत होता. "काय केलंत तुम्ही?" ती म्हणत होती. "काय जादू केलीत? मी आशाच सोडली होती. तुम्ही नसता तर मी अशीच उठून गेले असते." सोडवून घ्यायला माझे हात उठेनात. मला कळत होतं की इथे हसून "नशीब तुझं" म्हटलं की संपलं. ती आमच्या पाहुण्यांच्या वहीत माझं नाव लिहून जाईल, चॉकलेट पाठवील, तिच्या प्रबंधात शेवटच्या पानावर मला धन्यवाद देईल, आणि घरी गेल्यावर आईला फोन करून सांगेल की आधीचे नऊ माझ्याकडूनच नीट गोठवले गेले नव्हते. जन्मभर तेच सांगेल. तिचे हात सोडवले आणि म्हणाले, "जादू नाही. बस इथे."

मी सांगितलं. पुढे-मागे न करता, सोमवारपासून. स्क्रूवरच्या निळ्या खुणेसकट. ती खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होती आणि पडद्यावर तिच्या दहाव्या स्फटिकाची चित्रं एकामागून एक जमा होत होती, चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस.

"म्हणजे नवांत काही वाईट नव्हतं?" तिने विचारलं.

"माहीत नाही. आता कधीच कळणार नाही. ते माझ्यामुळे."

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"तू खाली गेलीस तेव्हा. साडेबाराच्या सुमाराला."

तिने घड्याळाकडे पाहिलं. सव्वादोन. "मग दहावा बसवायच्या आधी का नाही सांगितलंत?"

हा प्रश्न मला यायला नको होता. ग्रँटने हा विचारला नसता. मी म्हणाले, "याच्यावरही बर्फ आला तर सांगावं लागणार नाही, म्हणून."

ती उठली. माझ्याकडे बघत राहिली, आणि मी पहिल्यांदाच तिचा चेहरा नीट पाहिला, कारण आता तो खाली नव्हता. नाकपुड्या पांढऱ्या पडल्या होत्या. आवाज मात्र चढला नाही.

"मघाशी मी तुम्हाला सॉरी म्हटलं होतं."

"हो."

"दोनदा."

"हो."

"ते मला परत द्या."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, तेच, आमच्या शहराचं, दिवसाला वीस-पंचवीस वेळा वाटायचं. ते मी गिळलं. त्याने फेडण्यासारखं हे नव्हतं. खुर्ची ओढली, नोंदवही उघडली आणि तिला दिसेल असा पडदा वळवला. पहिला स्फटिक, आठ वाजून वीस मिनिटं, कारण तीन. खोडून दोन. शेरा, 'झोताची नळी चौदा मिलिमीटरवर, सोमवारपासून. बसवणारी रोंडा यारेम्को.' दुसरा. तिसरा. शेरा प्रत्येक वेळी पूर्ण लिहिला, नावासकट, वरीलप्रमाणे असं लिहिलं नाही. ती माझ्या मागे उभी राहून वाचत होती, तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. नववा झाल्यावर मी मागे गेले आणि बुधवारची, मंगळवारची पानं काढली. तिथले आकडेही बदलले, आणि त्या बाईला आणि त्या तिघांना पत्र लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत 'तुमचे स्फटिक' एवढं लिहून हात थांबला. मला एकदम जाड चष्म्याचा माणूस आठवला. म्हातारा झाला असेल, कुठे असेल, असेल की नाही. त्याच्याकडे माझं एक सॉरी आहे. ते परत मागायला मी एकदाही गेले नाही.

पेरोगी गार होऊन ताटलीला चिकटल्या होत्या. तीनला दहा कमी असताना दहाव्याची सगळी चित्रं पूर्ण झाली. उरला अकरावा. मी उठून खोलीकडे निघाले, तशी जोसेट आडवी आली.

"मी जाते," ती म्हणाली. "पट्टी द्या."

मी म्हणणार होते की मघाशी तीनदा मोजलंय, सहा आहे, पक्कं आहे. म्हणाले नाही. खिशातली पट्टी काढून तिच्या हातात दिली. तिने स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या, शिशाचं दार सरकवलं आणि आत गेली. मी उंबऱ्याबाहेर थांबले, जिथून नळी दिसत नाही तिथे, आणि ती किती म्हणते त्याची वाट बघत राहिले.